नकाशाची फेरफार नोंद

प्रस्तावना

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर आले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर आले की धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत हा आकडा ५५ च्या पुढे गेला. पण आकडा कळला तरी घरातल्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. पाणी आमच्या गल्लीपर्यंत येणार का? आले तर बाहेर पडायला कोणता रस्ता उघडा राहील? बंधाऱ्यावरची पातळी एका जागेची असते. नदीच्या पाण्याला उतार असतो आणि गल्लीगल्लीची उंची वेगळी असते. त्यामुळे या प्रश्नांना नकाशाच उत्तर देऊ शकतो.

त्या नकाशाला लागणारी माहिती नसते असे नाही. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रस्ते आणि इमारती महापालिकेकडे असतात, जमिनीचे गट भूमी अभिलेख खात्याकडे असतात, जमिनीचा उंचसखलपणा उपग्रहांच्या मोजणीतून मिळतो. अशी माहिती बहुधा विखुरलेली असते. थोडी ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये, थोडी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, थोडी एक्सेलच्या तक्त्यात. ती एकमेकींवर ठेवून पाहता आली, तेही मोबाइलवर आणि कोणालाही, तरच तिचा उपयोग.

भौगोलिक माहिती वेब नकाशाच्या लेयरच्या रूपात प्रसिद्ध करणे, आणि ते काम हाताने न करता पायथनच्या स्क्रिप्टने करणे, हा या पुस्तकाचा विषय आहे. वाक्याच्या दुसऱ्या भागावर माझा भर अधिक आहे. का, ते सांगण्याआधी लेयर वेबवर कसा पोहोचतो ते थोडक्यात पाहू.

लेयर म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा संच. सगळे रस्ते एका लेयरमध्ये, सगळ्या विहिरी दुसऱ्यात, तालुक्यांच्या हद्दी तिसऱ्यात. प्रत्येक वस्तूला दोन अंगे असतात. एक तिची भूमिती, म्हणजे ती बिंदू आहे, रेषा आहे की क्षेत्र, आणि पृथ्वीवर नेमकी कुठे आहे. दुसरे तिचे गुणधर्म, म्हणजे विहिरीची खोली, रस्त्याचा क्रमांक, गावाचे नाव. कागदी नकाशात ही दोन्ही अंगे शाईत कायमची मिसळून जातात. वेब नकाशात ती सुटी राहतात, म्हणून वाचक हवा तो लेयर दाखवू शकतो, नको तो लपवू शकतो आणि विहिरीवर बोट ठेवून तिची खोली विचारू शकतो.

हे जमायला जगाला बराच काळ लागला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मॅपसर्व्हर तयार झाला. १९९४ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम म्हणजे ओजीसी ही संस्था उभी राहिली आणि तिने २००० मध्ये वेब मॅप सर्व्हिसचे, म्हणजे डब्ल्यूएमएसचे, पहिले मानक जाहीर केले. जिओसर्व्हर आणि पोस्टजीआयएस ही आज घरोघरी, निदान जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या घरोघरी, पोहोचलेली मुक्त सॉफ्टवेअर २००१ मधली. डब्ल्यूएमएसचा व्यवहार साधा आहे. ब्राउझर म्हणतो, अमुक चौकटीतला, अमुक लेयरचा, इतक्या पिक्सेलचा नकाशा दे. सर्व्हर त्याच क्षणी तो रंगवून चित्र पाठवतो. चित्राऐवजी मूळ वस्तूच हव्या असतील, तर वेब फीचर सर्व्हिस आहे आणि तिची नवी पिढी म्हणून २०१९ मध्ये आलेले ओजीसी एपीआय फीचर्स आहे. चित्र द्यायचे की माहिती द्यायची, हा निर्णय प्रसिद्ध करणाऱ्याने पहिल्याच दिवशी घ्यायला हवा. चित्र फक्त बघता येते. माहिती घेऊन दुसरा माणूस आपले स्वतःचे गणित करू शकतो.

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आला आणि नकाशा टाइलमध्ये कापून ठेवण्याची पद्धत सर्वदूर पसरली. सगळे जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात मावते ती शून्य पातळी. पुढच्या प्रत्येक पातळीला एका चौकोनाचे चार होतात. गल्ली ओळखू येईल अशा अठराव्या पातळीपर्यंत गेलात, तर जगासाठी ६,८०० कोटींहून अधिक टाइल लागतात. एका तालुक्याला अर्थातच त्यातला कणभर भाग पुरतो. पण हा चौपटीचा हिशेब न करता ‘सगळ्या पातळ्या बनव’ असे सर्व्हरला सांगितले, तर हार्डडिस्क भरेपर्यंत तो थांबत नाही. कोणत्या क्षेत्राच्या कोणत्या पातळ्या लागणार हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवलेले कुठे तरी लिहिलेले असावे लागते.

इथेच स्क्रिप्टचा प्रश्न येतो. क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअर उघडून, माउसने क्लिक करत, एक लेयर वेबवर चढवणे अवघड नाही. शिकणाऱ्याने तसे एकदा जरूर करावे. अडचण दुसऱ्या वेळेपासून सुरू होते. पावसाळ्यात पाण्याची पातळी रोज बदलते, टँकरच्या फेऱ्या दर आठवड्याला बदलतात, मतदान केंद्रांची यादी दर निवडणुकीला बदलते. दर वेळी तीच पंचवीस-तीस क्लिक त्याच क्रमाने करायची, तर कधी तरी एक सुटते, आणि कोणती सुटली हे नंतर सांगता येत नाही. ज्याने पहिला लेयर बनवला त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर कृतीही जाते.

महसुलाच्या कारभाराशी संबंध आलेल्या कोणालाही हे पटकन समजेल. सातबारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती त्या नावावर कशी आली, खरेदीने की वारसाने, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या मंजुरीने, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. वाद निघाला की माणूस सातबाऱ्यावरून फेरफाराकडे जातो. वेबवरचा लेयर हा नकाशाचा सातबारा आहे आणि ज्या स्क्रिप्टने तो तयार झाला ती त्याची फेरफार नोंद. मूळ फाइल कोणती घेतली, त्यातल्या कोणत्या नोंदी गाळल्या, कोणते प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची कोणती पद्धत, बदलले, रंग कोणत्या आकड्यावर पालटला, हे सगळे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. पूररेषेच्या आत घर दाखवले म्हणून कोणी जाब विचारला, तर ‘सॉफ्टवेअरने तसे काढले’ हे उत्तर चालणार नाही. स्क्रिप्ट पुढे ठेवता आली पाहिजे.

या कामासाठी पायथनच का, याला एक साधे कारण आहे. गीदो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणलेली ही भाषा नवख्याला वाचता येते, आणि भूगोलाच्या क्षेत्रातली जवळजवळ सगळी जड अवजारे तिच्यातून हाताळता येतात. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले जीडीएएल शेकडो प्रकारच्या फाइली वाचते. जिओपांडाज नकाशाला एक्सेलसारख्या तक्त्याच्या रूपात समोर ठेवते. रास्टेरिओ उपग्रहाची चित्रे उघडते. क्यूजीआयएसच्या आत पायथन आहे आणि एस्रीच्या आर्कजीआयएसमध्येही पायथन आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर वापरा किंवा विकतचे वापरा, शिकलेले वाया जात नाही.

आता खऱ्या खाचखळग्यांकडे येऊ, कारण प्रसिद्धीची यंत्रणा शिकायला आठवडा पुरतो. माणसे अडकतात ती माहितीत.

पहिला खळगा निर्देशांक पद्धतीचा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. पुढे त्या मोजणीसाठी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला गेला, तो जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या आकड्यांवर बेतलेला होता. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा वेगळा आकार वापरते. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरून उतरवलेले देऊळ आणि मोबाइलने टिपलेले तेच देऊळ नकाशावर शेकडो फूट अंतरावर दिसू शकतात. त्यात महाराष्ट्राची आणखी एक गंमत आहे. मीटरमध्ये मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, अमरावती ४३ व्या पट्ट्यात येतात, तर वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ व्या पट्ट्यात. अमरावतीची आणि वर्ध्याची फाइल न तपासता एकत्र केली, तर शेजारचे जिल्हे नकाशावर शेकडो किलोमीटर भरकटतात.

इथे जिओपांडाजमधली दोन कामे नवखे हमखास एकमेकांत मिसळतात. ‘सेट-सीआरएस’ फाइलीवर फक्त लेबल चिकटवते. ‘टू-सीआरएस’ प्रत्येक बिंदूचे गणित करून त्याला नव्या पद्धतीत नेते. चुकीचे लेबल चिकटवून मग अचूक गणित केले, तर उत्तर अत्यंत अचूकपणे चुकते.

अक्षांश आधी की रेखांश आधी, हा दुसरा खळगा. ऑगस्ट २०१६ मध्ये ठरलेल्या जिओजेसनच्या मानकात रेखांश आधी येतो. डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीत ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतले डब्ल्यूजीएस ८४ निर्देशांक, मागितले, तर अक्षांश आधी द्यावा लागतो. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांश आणि ७४.२ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे लिहिले, तर अंबाबाईचे देऊळ नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या बर्फाळ समुद्रात, बेअर बेटाच्या पश्चिमेला जाऊन पडते. ही चूक लगेच दिसते म्हणून ती परवडते. चटकन न दिसणारी चूक क्षेत्रफळाची आहे. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये असतात आणि विषुववृत्तापासून दूर जावे तसे त्यात क्षेत्र फुगत जाते. त्याच प्रोजेक्शनमध्ये क्षेत्रफळ मोजले, तर कोल्हापूरचे १०० हेक्टर सुमारे १०९ भरतात आणि नागपूरचे सुमारे ११५. पीकपाण्याचे किंवा नुकसानभरपाईचे आकडे असे मोजले गेले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. दाखवायला वेब मर्केटर वापरावे, मोजायला यूटीएम किंवा समक्षेत्र प्रोजेक्शन. स्क्रिप्टमध्ये ही दोन पावले वेगळी लिहिलेली असली की गोंधळ होत नाही.

तिसरा खळगा नावांचा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे ३६ जिल्हे झाले. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा म्हणून सापडणार नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. एका तक्त्यात जुने नाव आणि दुसऱ्यात नवे, अशा स्थितीत नावावर जोडणी केली, तर तो जिल्हा नकाशावर पांढरा राहतो. वाचक समजतो की तिथे काही घडलेच नाही. म्हणून जोडणी नेहमी जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या कोडवर करावी, आणि जोडणीनंतर किती नोंदी अनाथ राहिल्या हे स्क्रिप्टने मोजून सांगावे. अनाथ नोंद सापडली की काम थांबले पाहिजे.

मराठी मजकुराचे दुखणे याला लागूनच येते. शेपफाइल हा १९९० च्या दशकातला साचा आहे आणि त्यात स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खाते. म्हणजे तीनच चिन्हे मावतात आणि ‘लोकसंख्या’ या स्तंभाचे ‘लोक’ एवढेच उरते. अक्षरांचे एन्कोडिंग सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली, तर गावांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हे येतात. यावर उपाय जिओपॅकेज. तो साचा २०१४ पासून आहे, एकाच फाइलीत मावतो आणि मराठी जपतो. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात. पायथनमध्ये हे एका ओळीत एकरूप करता येते, मात्र ती ओळ लिहायची आठवण हवी. शेवटी, सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच बसवलेला नसेल, तर नकाशावर गावांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. आपल्या लॅपटॉपवर सुंदर दिसलेला नकाशा सर्व्हरवर असा का झाला, याचा शोध घेत बसण्याआधी फॉन्ट पाहावा.

चौथा खळगा प्रमाणाचा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर २५ मीटर रुंद असते. अशा नकाशावरून उतरवलेली पूररेषा वेबवर टाकली की वाचक ती बोटांनी मोठी करत आपल्या अंगणापर्यंत जातो, आणि रेषा गोठ्याच्या कोणत्या बाजूने जाते यावर घराचा सौदा ठरवतो. स्क्रीन त्याला अडवत नाही, मूळ माहितीत मात्र तितकी ताकद नसते. प्रसिद्ध करणाऱ्याचे कर्तव्य आहे की लेयरच्या शैलीतच प्रमाणाची मर्यादा घालावी, त्याच्या पलीकडे लेयर दिसेनासा व्हावा, आणि मूळ प्रमाण व सर्वेक्षणाचे वर्ष नकाशासोबत छापावे.

माहिती अशी शुद्ध झाली की प्रसिद्धीचा भाग सोपा आहे. जिओसर्व्हरला रेस्ट प्रकारचा दरवाजा आहे. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने त्यावर क्रमाने सांगायचे, वर्कस्पेस तयार कर, त्यात पोस्टजीआयएसचा डेटास्टोअर जोड, त्यातला तक्ता लेयर म्हणून प्रसिद्ध कर, त्याला ही शैली लाव. चांगली स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी दहा लेयर तयार होत नाहीत. लेयर आधीपासून असेल तर ती तो अद्ययावत करते, नसेल तरच नवा करते. ती नवी माहिती आधी चाचणीच्या जागी चढवते, नोंदी मोजते, चौकट तपासते आणि सगळे ठीक असेल तरच जुन्या लेयरच्या जागी नवा बसवते. तिच्यात पासवर्ड लिहिलेला नसतो, तो सर्व्हरच्या गुप्त व्यवस्थेतून येतो. आणि ती दर वेळी तारीख-वेळेसह आपली दैनंदिनी लिहिते.

प्रत्येक कामाला सर्व्हर लागतोच असेही नाही. तालुक्यातल्या दोनशे शाळांचा नकाशा करायचा, तर एक जिओजेसन फाइल आणि लीफलेट पुरते. युक्रेनच्या व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ मध्ये दिलेली ही छोटी लायब्ररी साध्या मोबाइलवरही चालते, आणि पायथनच्या फोलियम लायब्ररीतून तिचा नकाशा दहा-पंधरा ओळींत तयार होतो. लाखभर गट असलेला जिल्हा मांडायचा असेल तेव्हा टाइल आणि सर्व्हरचा विचार करावा. साधने कामाच्या आकाराने निवडावीत, हे या पुस्तकात वारंवार आले आहे.

काय प्रसिद्ध करू नये, हेही बोलले पाहिजे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्था-कंपन्यांसाठी नकाशे तयार करण्यावरचे आणि प्रसिद्ध करण्यावरचे पूर्वपरवानगीचे बंधन बरेचसे उठवले. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने तीच दिशा पुढे नेली. तरीही देशाच्या आणि राज्यांच्या हद्दींसाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या प्रसिद्ध हद्दीच प्रमाण आहेत. परदेशी संकेतस्थळावरून उचललेली भारताची बाह्यरेषा वापरणाऱ्याला कायद्याचा त्रास होऊ शकतो. संवेदनशील ठिकाणांवर बंधने आहेतच. कायद्यापलीकडे विवेकही आहे. माळढोकाच्या घरट्याची नेमकी जागा, एकट्या राहणाऱ्या लाभार्थी महिलांची घरे, कर्जबाजारी शेतकऱ्यांचे गट, असे लेयर तांत्रिकदृष्ट्या कितीही सुबक झाले तरी उघड करू नयेत. गावपातळीचा गोषवारा पुरेसा असेल तिथे घरपातळीची माहिती बाहेर जाऊ नये. सुदैवाने हा गोषवाराही स्क्रिप्टच्या दोन ओळींत होतो, आणि तो केला हे त्या ओळींतून सिद्धही करता येते.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. आधी माहिती वाचणे व तपासणे, मग प्रोजेक्शन, मग जोडणी आणि मराठी मजकूर, त्यानंतर शैली व प्रमाण, आणि सर्वांत शेवटी सर्व्हर. अनेक इंग्रजी पुस्तके सर्व्हरपासून सुरू होतात. मी मुद्दाम उलटा रस्ता धरला आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर भूगोलाचा विद्यार्थी आहे, नगरपालिकेतला अभियंता आहे, पाणलोटाच्या कामातला कार्यकर्ता आहे आणि आकड्यांमागची बातमी शोधणारा पत्रकारही आहे. पायथनची तोंडओळख असली तर उत्तम, नसली तर पहिली दोन प्रकरणे सावकाश वाचावीत.

वाचकांना एकच विनंती. उदाहरणे नुसती वाचू नका. आपल्या गावाची किंवा प्रभागाची एखादी छोटी माहिती घ्या, हातपंप असोत, अंगणवाड्या असोत की बसथांबे, आणि तिचा लेयर प्रसिद्ध करा. त्यावर स्रोत लिहा, तारीख लिहा, मूळ प्रमाण लिहा आणि शेजारी स्क्रिप्टही सर्वांसाठी ठेवा. या चार गोष्टी देता येत नसतील, तर तो लेयर अजून प्रसिद्ध करण्याजोगा झालेला नाही असे समजा.